व्हायकिंग वेशभूषा

व्हायकिंग वेशभूषा : डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन या उत्तर यूरोपीय प्रदेशांत आणि तेथील लोकांनी इतरत्र स्थापिलेल्या वसाहतींत आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रचलित असलेला पोशाख व अलंकरण. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिस्फार्न येथील मठावरील हल्ला (७९३) आणि स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई (१०६६) या दोन घटना व्हायकिंग कालखंडाच्या मर्यादा म्हणून सामान्यतः स्वीकारल्या जातात. या काळातील स्कँडिनेव्हियन समाज मुख्यत्वे शेतकरी, पशुपालक, कारागीर व व्यापारी यांचा होता. दूरच्या लुटारू स्वाऱ्यांत भाग घेणारे लोक त्या मानाने थोडे होते. त्यामुळे या समाजाचा पोशाखही प्रामुख्याने थंड हवेत काम करणाऱ्या शेतकऱ्याचा पोशाख होता. शिंगांचे शिरस्त्राण व अंगावर केसाळ कातडी असे जे व्हायकिंगांचे चित्र रूढ झाले आहे, त्यास पुरातत्त्वीय आधार नाही. प्रत्यक्षात लोकर व लिनन यांची शिवलेली वस्त्रे, धातूचे कलाकुसरयुक्त ब्रूच आणि ऐपतीनुसार परदेशी रेशीम ही या वेशभूषेची मुख्य अंगे होत.

साधने : या काळातील एकही संपूर्ण पोशाख थडग्यातून अखंड स्वरूपात मिळालेला नाही. उपलब्ध ज्ञान बव्हंशी कापडाच्या लहान तुकड्यांवर आधारलेले असून त्यांतील अनेक तुकडे नखाएवढेच आहेत. कापड जमिनीत लवकर कुजते. तथापि काशाच्या अलंकाराखाली दबलेला भाग तांब्याच्या क्षारांमुळे सूक्ष्मजंतूंपासून वाचतो, तर लोखंडी वस्तूला चिकटलेल्या कापडाचा ठसा गंजामध्ये टिकून राहतो. आम्लयुक्त जमिनीत लोकर तग धरते, पण लिननसारखे वनस्पतिजन्य तंतू नष्ट होतात. परिणामी ज्या व्यक्तीस धातूचे दागिने घालून पुरले, तिच्या वस्त्रांची माहिती मिळते. गरीब व दास यांच्या वस्त्रांविषयी पुरावा अत्यल्प उरतो. व्हायकिंग वेशभूषेसंबंधीचे कोणतेही विधान तपासताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

स्वीडनमधील मेलारेन सरोवरातील बिर्का या व्यापारी नगराची दफनभूमी हे सर्वांत महत्त्वाचे साधन होय. यालमार स्टोल्पे याने १८७० नंतरच्या काळात तेथील सु. १,१०० थडग्यांचे उत्खनन केले. त्यांतील कापडांचा अभ्यास आग्नेस गाइयर हिने १९३८ मध्ये प्रसिद्ध केला व पुढे इंगा हेग हिने १९७४ मध्ये स्त्रीवेशातील निरनिराळ्या थरांचा क्रम मांडला. डॅनिश लोकांचे हेडेबी हे नगर आज जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात आहे. तेथील बंदराच्या गाळात फाटक्या कपड्यांच्या डांबर लागलेल्या चिंध्या सापडल्या. जहाजांच्या डागडुजीत वापरून फेकलेल्या या चिंध्यांमुळे रोजच्या वापरातील कपड्यांची शिवण व बेत प्रथमच तपशिलाने कळू शकला. नॉर्वेतील ऊसेबर्ग येथील जहाज-दफन (८३४), डेन्मार्कमधील मामेन येथील थडगे (९७०–७१) आणि इंग्लंडमधील यॉर्क येथील कॉपरगेट वस्तीचे अवशेष हीही प्रमुख साधने आहेत. यांशिवाय गॉटलंड बेटावरील चित्रशिला, चांदीच्या लहान स्त्रीमूर्ती, अरब प्रवाशांचे वृत्तांत व आइसलँडमधील सागा-वाङ्मय यांचा उपयोग होतो; मात्र सागा-ग्रंथ मुख्यत्वे तेराव्या शतकात लिहिले गेल्याने त्यांतील वर्णने सावधगिरीने घ्यावी लागतात. ग्रीनलंडमधील हेर्योल्फ्सनेस येथे १९२१ मध्ये सापडलेले पूर्ण पोशाख व्हायकिंगांचे म्हणून पुष्कळदा दाखविले जातात. वस्तुतः ते उत्तर मध्ययुगातील आहेत.

वस्त्रनिर्मिती : उत्तरेकडील आखूड शेपटीच्या मेंढ्यांना दुहेरी लोकर असते. वरची लोकर लांब व राठ, तर आतली मऊ व उबदार असते. वरच्या लोकरीपासून बळकट धागा व आतल्या लोकरीपासून मऊ धागा काढीत. अळशीच्या (जवसाच्या) झाडाचे खोड कुजवून, ठोकून व विंचरून काढलेल्या तंतूंपासून लिनन तयार होई. कताई हातचातीवर होत असे. चातीच्या माती, दगड वा शिसे यांच्या चकत्या व्हायकिंग वस्त्यांत सर्वत्र मिळतात. विणकामासाठी भिंतीला टेकवून ठेवलेला उभा माग वापरीत. ताण्याचे धागे वरच्या आडव्या दांडीवरून खाली सोडून त्यांच्या टोकांना मातीची किंवा संगजिऱ्याची वजने बांधीत आणि बाण्याचा धागा तलवारीच्या आकाराच्या लोखंडी वा व्हेलच्या हाडाच्या पट्टीने वरच्या दिशेस ठोकून बसवीत. अरुंद व नक्षीदार किनारी लहान पट्टिकांच्या छिद्रांतून धागे ओवून विणीत. ऊसेबर्ग येथे अशा ५२ पट्टिका अर्धवट विणलेल्या पट्ट्यासह सापडल्या आहेत.

या उद्योगास लागणाऱ्या श्रमाची कल्पना साध्या हिशोबावरून येते. एका सेंमी.मध्ये ताण्याचे १० व बाण्याचे १० धागे असलेल्या मध्यम प्रतीच्या एक चौ. मी. कापडास सु. २,००० मी. धागा लागतो. एका अंगरख्यास चार चौ. मी. कापड आणि कताईचा वेग ताशी ५० मी. धरला, तर केवळ सूत काढण्यातच १६० तास जातात. लोकर विंचरणे, माग लावणे, विणणे, रंगविणे व शिवणे ही कामे निराळीच. व्हायकिंग जहाजांची मोठी शिडेही लोकरीच्या कापडाची असत. हे बहुतेक सर्व काम घरोघरी स्त्रिया करीत. ज्या सागरी सफरींमुळे व्हायकिंगांचे नाव इतिहासात राहिले, त्या स्त्रियांच्या चातीवाचून शक्य झाल्या नसत्या. आइसलँडमध्ये ‘वाद्‌माल’ नावाचे ठराविक प्रतीचे लोकरी कापड चलन म्हणून चाले. सहा एल (हात) कापड हे एका औंसाचे कायदेशीर मूल्य मानले जाई. कापड हे अशा रीतीने केवळ आच्छादन नसून प्रत्यक्ष संपत्ती होते. म्हणूनच जुने कपडे उसवून, कापून व ठिगळे लावून अखेरपर्यंत वापरले जात आणि हेडेबीच्या बंदरात ते चिंध्यांच्या रूपाने मिळाले.

रंग : व्हायकिंगांचा पोशाख केवळ करड्या-तपकिरी रंगांचा होता, हा समज रासायनिक परीक्षणांनी चुकीचा ठरविला आहे. मंजिष्ठेच्या जातीच्या मॅडर या वनस्पतीच्या मुळांपासून तांबडा, वोड या वनस्पतीच्या पानांपासून निळा व शैवाकांपासून (दगडफुलासारख्या वनस्पतींपासून) जांभळा रंग काढीत. अक्रोडाच्या टरफलांपासून तपकिरी रंग मिळे. ऊसेबर्गच्या दफनात वोडचे बी सापडले आहे. यॉर्क येथे मॅडर व वोड यांच्या जोडीला क्लबमॉस ही वनस्पती मिळाली. ती इंग्लंडमध्ये पिकविलेली नसून स्कँडिनेव्हियातून आणलेली असावी. तिच्यातील ॲल्युमिनियममुळे ती रंगबंधक म्हणून उपयोगी पडे. यावरून स्थलांतरितांनी रंगकामाची आपली रीतही बरोबर नेली, असे दिसते. गडद व टिकाऊ रंगास अधिक द्रव्य व अधिक श्रम लागत. त्यामुळे रंगाची गडदता हीच ऐपतीची खूण ठरे. मेंढीच्या नैसर्गिक पांढऱ्या, करड्या व काळ्या लोकरीचे कापडही मोठ्या प्रमाणावर वापरात होते.

स्त्रियांचा वेश : अंगालगत लिननचा लांब बाह्यांचा पायघोळ झगा (सेर्क) असे. बिर्का येथील काही झग्यांना बारीक चुण्या होत्या व गळ्यापाशी ते लहान गोल ब्रूचने बंद केले जात. त्यावर दोन खांद्यांवरून पट्ट्यांनी अडकविलेला, बाह्या नसलेला लोकरी झगा घालीत. पट्ट्यांची टोके छातीच्या वरच्या भागी दोन अंडाकृती ब्रूचनी जोडलेली असत. कासवाच्या पाठीप्रमाणे फुगीर असे हे ब्रूच सु. १० सेंमी. लांबीचे असून मातीच्या साच्यांत काशाचे ओतीव काम करून बनवीत. काहींवर सोन्याचा मुलामा व चांदीची तार असे. आइसलँडपासून रशियापर्यंतच्या थडग्यांत ते सापडले आहेत. त्यामुळे स्कँडिनेव्हियन स्त्रीचे अस्तित्व ओळखण्याची ती एक प्रमुख खूण मानली जाते. मात्र सर्वच स्त्रिया ते वापरीत नसत. बहुतेक थडग्यांत ते आढळत नाहीत. ते वापरण्याचा संबंध सधन शेतकरी घरातील स्त्रीच्या दर्जाशी असावा.

दोन ब्रूचच्या दरम्यान काचेच्या, अंबराच्या, अकीकाच्या व स्फटिकाच्या मण्यांच्या माळा लटकत. ब्रूचला साखळीने कात्री, सुयांची नळी, लहान चाकू, चिमटा व किल्ली अशा वस्तू अडकवीत. या वस्तू कामाच्या असल्या, तरी त्या गृहिणीच्या अधिकाराच्याही द्योतक होत्या. झग्यावर बाह्या असलेला अंगरखा व त्यावर शाल किंवा आवरणवस्त्र घेत आणि ते छातीच्या मध्यभागी तिसऱ्या ब्रूचने अडकवीत. हा ब्रूच पुष्कळदा त्रिदली आकाराचा असे. त्याचा आकार फ्रँकिश योद्ध्यांच्या तलवारीच्या पट्ट्यावरील धातुकामावरून घेतलेला होता. पश्चिमेकडून आलेल्या शस्त्रसज्जेचा एक भाग अशा प्रकारे उत्तरेत स्त्रियांचा अलंकार बनला. चित्रशिलांवरील व चांदीच्या लघुमूर्तींतील स्त्रिया जमिनीवर लोळणारा झगा घातलेल्या व केसांची मागे गाठ मारलेल्या दिसतात. डोक्यास रुमाल वा टोपी घालण्याची चाल होती. यॉर्क येथे रेशमी टोपी मिळाली आहे.

पुरुषांचा वेश : पुरुष अंगालगत लिननचा किंवा लोकरीचा सदरा घालीत. डेन्मार्कमधील व्हीबॉर्ग येथे अकराव्या शतकातील लिननचा एक सदरा मिळाला असून त्याचा वरचा भाग दुहेरी कापडाचा व गळा बंदांनी बांधण्याचा आहे. सदऱ्यावर गुडघ्यापर्यंत पोहोचणारा, डोक्यावरून घालावयाचा अंगरखा (किर्तिल) असे. त्याच्या खालच्या भागात त्रिकोणी कळ्या जोडून घेर वाढवीत. त्यामुळे चालताना, वल्हविताना व घोड्यावर बसताना अडचण होत नसे. कमरेस चामड्याचा पट्टा असून त्यास चाकू व पिशवी लटकवीत, कारण कपड्यांना खिसे नसत. विजारी दोन प्रकारच्या असत : पायास घट्ट बसणाऱ्या आणि गुडघ्यापाशी चुण्या घातलेल्या ढगळ. ढगळ विजारी गॉटलंडच्या चित्रशिलांवर दिसतात. दहाव्या शतकाच्या प्रारंभीचा इराणी भूगोलवेत्ता इब्न रुस्ता याने रूस लोकांच्या एका विजारीस शंभर हात कापड लागत असल्याचे लिहिले आहे. त्यातील अतिशयोक्ती वगळली, तरी कापडाची उधळण हीच श्रीमंतीची खूण होती, हे त्यातून दिसते. गुडघ्याखालील भागावर लोकरीच्या अरुंद व लांब पट्ट्या गुंडाळीत.

सर्वांत वर जाड लोकरी आवरणवस्त्र असे. ते उजव्या खांद्यावर पिनने किंवा कंकणाकृती ब्रूचने अडकवीत, जेणेकरून शस्त्र धरावयाचा हात मोकळा राही. लोकरीच्या बटा विणीत अडकवून केसाळ कातड्यासारखे दिसणारे आवरणवस्त्रही लोकप्रिय होते. दहाव्या शतकातील नॉर्वेचा राजा हाराल्ड यास ‘करडे आवरण’ अशा अर्थाचे उपनाव मिळाले. त्याविषयीची कथा स्नॉरी स्टुर्लुसॉन याच्या हाइम्सक्रिंग्ला या ग्रंथात आहे. न खपणाऱ्या आवरणवस्त्रांचे जहाज घेऊन आलेल्या आइसलँडच्या व्यापाऱ्यांकडून राजाने एक आवरण स्वतःसाठी घेतले व ते पाहून सर्व दरबाराने उरलेला माल विकत घेतला, असे तीत सांगितले आहे. फॅशन वरून खाली उतरते, हे सत्य त्या काळीही अनुभवास येत असे.

पादत्राणे व केशभूषा : बूट गाईच्या वा बकऱ्याच्या चामड्याचे असून ते उलटे शिवून नंतर सुलट करीत, म्हणजे शिवण आतल्या बाजूस जाऊन पाणी कमी शिरे. हेडेबी व यॉर्क येथे ते मोठ्या संख्येने मिळाले आहेत. यॉर्कचा लोकरी मोजा एकाच सुईने फासे गुंतवीत केलेला आहे. दोन सुयांचे विणकाम उत्तरेत अद्याप आलेले नव्हते. हरणाच्या शिंगांच्या फण्या वस्त्यांत व थडग्यांत विपुल आढळतात. शनिवारास प्राचीन नॉर्स भाषेत ‘स्नानाचा दिवस’ अशा अर्थाचे नाव होते. इंग्लंडमधील एका तेराव्या शतकातील इतिवृत्तात डेन लोक रोज केस विंचरीत, दर शनिवारी स्नान करीत व वारंवार कपडे बदलीत आणि त्यामुळे इंग्लिश स्त्रियांचे लक्ष वेधून घेत, अशी तक्रार आढळते. सु. ९६५ मध्ये हेडेबीस भेट देणारा अत्-तर्तूशी हा प्रवासी तेथील स्त्रीपुरुष डोळ्यांना रंग लावीत असल्याची नोंद करतो.

परदेशी संबंध : स्वीडिश व्यापारी व्होल्गा आणि नीपर नद्यांच्या मार्गांनी बगदाद व कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारपेठांशी जोडले गेले होते. या मार्गांनी चांदीचे दिरहम व रेशीम उत्तरेत आले. ऊसेबर्गच्या दफनात रेशमाच्या अरुंद पट्ट्या मिळाल्या असून त्या वस्त्रांवर सजावटीसाठी शिवलेल्या होत्या. महाग कापड असे थोडेथोडे कापून वापरीत. बिर्का येथे बिझँटिन व पूर्वेकडील रेशीम, सोन्याचांदीच्या तारांच्या किनारी आणि पुढे उघडणाऱ्या पौर्वात्य पद्धतीच्या डगल्यांची काशाची बटणे सापडली आहेत. अब्बासी खलीफाच्या वकिलातीबरोबर गेलेल्या इब्न फदलान याने ९२२ मध्ये व्होल्गाकाठी रूस व्यापारी पाहिले. पुरुष एक हात मोकळा ठेवून आवरणवस्त्र घेतात व स्त्रिया छातीवर पतीच्या संपत्तीनुसार लोखंड, तांबे, चांदी वा सोने यांच्या डब्या लावतात, असे तो लिहितो. या डब्या म्हणजे अंडाकृती ब्रूचच असावेत. पतीजवळील दर दहा हजार दिरहमांमागे पत्नीच्या गळ्यात एक कडे वाढते, असेही तो सांगतो. मृत नायकास चितेवर ठेवण्यापूर्वी किनखाबी डगला, सोन्याची बटणे व सेबलच्या फरची टोपी घातल्याचे त्याचे वर्णन बिर्काच्या अवशेषांशी मिळतेजुळते आहे. मामेनच्या थडग्यात भरतकाम केलेली लोकरी वस्त्रे व सोन्याच्या तारांनी विणलेल्या रेशमी पट्ट्या होत्या. १८६८ मध्ये सापडलेल्या या थडग्यातील हाडे पुढे संग्रहालयात चुकीच्या नोंदीखाली पडून राहिली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांची ओळख पटली.

वेश, दर्जा व कायदा : वेशावरून व्यक्तीचा दर्जा व लिंग ओळखले जावे, अशी समाजाची अपेक्षा होती. रीग्सथुला या काव्यात दास, शेतकरी व सरदार या तीन वर्गांचे वर्णन आहे. त्यातील शेतकऱ्याची पत्नी खांद्यांवर ब्रूच लावून सूत कातते, तर सरदारपत्नी निळ्या रंगाचा झगा घालते. आइसलँडच्या ग्रागास या विधिसंग्रहात स्त्रीने पुरुषवेश धारण केल्यास तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सांगितली आहे. लाक्सडेला सागेत पत्नी विजार घालते या कारणावरून पतीने आणि पतीचा सदरा स्त्रियांप्रमाणे खोल गळ्याचा आहे या कारणावरून पत्नीने घटस्फोट घेतल्याचे प्रसंग आहेत. दुसऱ्या प्रसंगातील सदरा पत्नीनेच मुद्दाम तसा शिवलेला होता.

थडग्यातील वस्तूंवरून लिंग ठरविण्याच्या पद्धतीस मात्र एका शोधाने धक्का बसला. बिर्का येथील ५८१ क्रमांकाच्या थडग्यात तलवार, परशू, भाले, बाण व दोन घोडे होते. तसेच रेशमी टोपीचे चांदीचे टोकही होते. १८७८ मध्ये उत्खनन झाल्यापासून ते एका योद्ध्याचे म्हणून प्रसिद्ध होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय परीक्षणात ते अवशेष स्त्रीचे असल्याचे आढळून आले. या निष्कर्षाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु शस्त्रे म्हणजे पुरुष व ब्रूच म्हणजे स्त्री, हे समीकरण विनातपासणी वापरता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

शिरस्त्राण व शिंगांचा समज : नॉर्वेतील येर्मुंडबू येथे १९४३ मध्ये मिळालेले दहाव्या शतकातील लोखंडी शिरस्त्राण हे या काळाचे सर्वांत परिचित उदाहरण होय. ते गोलसर असून डोळ्यांभोवती चष्म्यासारखे कवच आहे. त्यास शिंगे नाहीत. लोखंडी शिरस्त्राण व कड्यांचे चिलखत अतिशय महाग असल्याने ते थोड्या श्रीमंत योद्ध्यांपाशीच असे. डेन्मार्कमधील व्हेक्सो येथे १९४२ मध्ये सापडलेली शिंगांची दोन शिरस्त्राणे इ. स. पू. सु. ९०० मधील, म्हणजे व्हायकिंगांच्या सतरा शतके आधीच्या कांस्ययुगातील आहेत. ऊसेबर्गच्या चित्रजवनिकेसारख्या काही चित्रणांत शिंगे धारण केलेली आकृती दिसते. पण तिचा संबंध धार्मिक विधीशी असावा, युद्धाशी नव्हे. शिंगांच्या शिरस्त्राणास खरी लोकप्रियता मिळाली ती १८७६ मध्ये बायरॉइट येथे रिखार्ट व्हाग्नर याची संगीतिकामाला रंगभूमीवर आली तेव्हा. तिच्यासाठी कार्ल एमिल डप्लर याने केलेल्या वेशयोजनेतील शिंगे पुढे चित्रे, बालवाङ्मय, चित्रपट व जाहिराती यांतून जगभर पसरली.

ऱ्हास व उत्तरकाल : इ. स. १००० च्या सुमारास अंडाकृती ब्रूचचा वापर मागे पडला व स्त्रियांचा वेश पश्चिम यूरोपातील वेशाच्या जवळ गेला. याच सुमारास ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराबरोबर मृतास वस्तूंसह व अलंकारांसह पुरण्याची चाल बंद पडली. त्यामुळे पुढील पिढ्यांच्या वेशासंबंधीचा पुरावाही विरळ झाला. नॉर्वेतील ‘बूनाड’ या आजच्या राष्ट्रीय पोशाखास व्हायकिंग परंपरेचा पोशाख समजणे बरोबर नाही. तो अलीकडच्या शतकांतील ग्रामीण वेशावरून राष्ट्रवादी चळवळीच्या प्रेरणेने घडविण्यात आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून डेन्मार्क, स्वीडन, जर्मनी व ब्रिटन येथील संग्रहालयांतून जुन्या साधनांनी सूत काढून व विणून या वेशाच्या प्रतिकृती तयार करण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांमुळे धाग्याची जाडी, पीळ व वीण यांचा अभ्यास पक्का झाला आणि एका अंगरख्यामागे किती हातांचे किती दिवसांचे श्रम उभे असत, याचे अनुमान करणे शक्य झाले.